साडीऐवजी भूदास

टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर एक सभागृह आहे. तिथे महिन्यातून एकदा पंधरा-वीस निवृत्त जपानी माणसं रशियाच्या झारांचा इतिहास वाचायला जमतात. पुण्यात मी सतरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवला. नवऱ्याच्या आयटीतल्या कॉन्ट्रॅक्टपायी नोकरी सोडून बारा वर्षांपूर्वी इथे आले आणि दोन वर्षांपूर्वी सभागृहाच्या फलकावर 'रशियन साम्राज्य' हे शब्द वाचून सरळ आत शिरले. दोन वर्षं गुपचूप ऐकलं, वह्या भरल्या. माझ्यासारखी बाई दोन वर्षं गुपचूप बसली, यावर आमच्या घरात कुणाचाही विश्वास बसत नाही.

मंडळाचे प्रमुख एक निवृत्त शाळामास्तर. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात, मीही म्हणते. माणूस सज्जन, अभ्यासू. पण त्या दिवशी ते भूदासांवर बोलत होते. भूदास म्हणजे जमिनीबरोबर जमीनदाराच्या मालकीचे झालेले शेतकरी. सेन्सेई म्हणाले की हे लोक मालकाला वडिलांसारखे मानत, कारण त्यांच्या तक्रारी कागदपत्रांत फारशा दिसत नाहीत.

माझं डोकं सणकलं. मी हात वर केला आणि म्हणाले, "सेन्सेई, तक्रार करायलाच बंदी होती. अठराव्या शतकात एका सम्राज्ञीने तसं फर्मान काढलं होतं. मालकाविरुद्ध अर्ज करणाऱ्याला चाबकाचे फटके आणि सैबेरियात सक्तमजुरी. मग तक्रारी कमी दिसल्या तर ते लोक सुखी होते असं कसं म्हणायचं?"

सेन्सेई हसले, "फार उद्बोधक" म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. "अगं, मीटिंगमध्ये असं तोंडावर बोलतात का? ऑफिसमध्ये आम्ही आधी एकेकाला गाठतो, चहा पितो, आपलं म्हणणं हळूच कानावर घालतो. मीटिंगला फक्त माना डोलवायच्या. तू आठवडाभर आधी त्यांना एकटं भेटायला हवं होतंस."

"आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर?"

"तर विषय संपला. कुणाची शोभा झाली नसती."

बारा वर्षांत हा माणूस पुणेकर उरलाच नव्हता. आमच्याकडे व्याख्यान संपल्यावर पहिला उठतो तो चूक काढायलाच, आणि वक्ताही त्याची वाट बघत असतो. इथे ते चालत नाही हे मला ठाऊक नव्हतं. ही माझी चूक, ती मी मान्य करते. पण जे बोलले त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता, आणि तो मी मागे घेणार नव्हते.

मंडळात दोन वर्षं काढलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा बोलायची पाळी येते. माझी पहिलीच पाळी जवळ आली होती. सेन्सेईंचा ईमेल आला. भाषा लोण्यासारखी मऊ. सर्वांना भारताबद्दल कुतूहल आहे, तेव्हा मी साडी आणि चहा यांवर बोलावं, जमल्यास नेसून दाखवावी. मी उलट लिहिलं की आभारी आहे, माझा विषय 'भूदासांच्या तक्रारी' हा आहे. उत्तर आलं, ते थोडं कठीण आहे.

"थोडं कठीण म्हणजे नाही," नवरा म्हणाला. "सोड ना आता. इथे राहायचंय आपल्याला."

"मीही इथेच राहते," मी म्हटलं. "साडीवर बोलायला मी इतिहासात एमए केलेलं नाही."

खरं सांगायचं तर भीती वाटत होती. या शहरात मी कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई होते. आठवड्याचा कचरा नीट वेगळा करते, एवढीच माझी ख्याती. मी कोण होते हे माझं मला आठवायला ती एक खोली उरली होती, आणि तीही जाणार असं दिसत होतं.

टिपणाचा कागद आठवडाभर आधी सेन्सेईंकडे द्यायचा, ते तपासून प्रती काढतात, असा रिवाज. मी कोंबिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या, मशीनवर वीस प्रती काढल्या आणि पाळीच्या दिवशी स्वतःच वाटल्या. साडीही नेसले होते, मुद्दाम. बघा हवी तेवढी, पण ऐका.

चाळीस मिनिटं बोलले. जपानी अडखळत होतं, आवाज नाही. सेन्सेईंनी एकदाही वर पाहिलं नाही. प्रश्न आहेत का, असं त्यांनी विचारलं तेव्हाही नजर घड्याळावर होती.

खिडकीजवळच्या ऐंशीच्या घरातल्या आजींनी हात वर केला. त्या कधी प्रश्न विचारत नसत. "बंदीनंतर कुणीच अर्ज केला नाही का?"

"केले ना, आजी. चर्चमध्ये फर्मान वाचून दाखवलं, लोकांना फटके पडले, तरी लोक लिहीत राहिले. स्वतःला लिहिता येत नव्हतं तर दुसऱ्याकडून लिहून घेतलं."

आजींनी कागदाची नीट घडी घातली. मग सेन्सेईंकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "अकरा वर्षं माझ्या पाळीला मी लोणच्यांवर बोलते. तुम्ही सुचवलंत म्हणून. पुढच्या वर्षी मला ती सम्राज्ञी हवी."

सेन्सेईंनी पुढच्या वर्षीचा तक्ता बाहेर काढला, पण पेनाचं टोपण काही निघेना. आजी उठल्या, तक्ता स्वतःकडे ओढला आणि लोणच्यांवर काट मारून नवा विषय लिहिला. मी वाकून पाहिलं. त्या तक्त्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

आजींच्या हातातलं पेन मी मागून घेतलं आणि सगळ्यात खाली, देवनागरीत, माझं नाव लिहिलं.