तिसरी बाव

मंगळवार, ४ मार्च १९८६, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. त्या वेळी मी जे केले ते आजवर कुणालाच सांगितलेले नाही – माझ्या मार्गदर्शकांना नाही, आईलाही नाही.

रत्नागिरीत, बंदराच्या वरच्या अंगाला, होड्यांसाठी डिझेल साठवायची जमिनीखालची एक टाकी झिरपत होती. जांभा दगड सच्छिद्र. तेल त्यातून वाट काढत उतारावरच्या तीन घरांच्या विहिरींत, आमच्याकडच्या भाषेत बावींत, उतरले. तिरप्या उन्हात डोकावले की पाण्यावर मोरपिशी, जांभळे, सोनेरी पदर संथ सरकताना दिसत. मी कितीदा तरी काठावर भान हरपून बसले आहे. विष इतके सुंदर असावे?

टाकी उपसून रिकामी झाली आणि माझा एम.एस्सी.चा प्रबंध सुरू झाला. पहिल्या बावीत पंपाने हवेचे बुडबुडे सोडायचे – तेलाचा हलका अंश उडून जाईल. दुसरीत थोडी हवा आणि थोडे खत. तेल खाणारे जिवाणू मातीत असतातच, त्यांना फक्त पोसायचे. आणि तिसरीत – काहीच नाही. तुलनेला एक तरी बाव जशीच्या तशी हवी. शास्त्र म्हणून हे चूक होते का?

अट एकच: तिन्हींतून रोज सारखाच उपसा. पहिल्या दोन घरी नळ होते. ते लोक बावीचे पाणी माडांना घालत. तिसऱ्या घरी नळ नव्हता. तिथे गंगाआक्का एकट्याच राहत, मुलगा मुंबईला. त्यांना खरे सांगितले असते तर त्या लांबच्या सार्वजनिक विहिरीवर गेल्या असत्या, आणि माझी बाव उपशावाचून पडून राहिली असती. माझी – पाहा, मी अजूनही तसेच म्हणते.

म्हणून त्या सकाळी, त्यांच्या देखत, मी एक बाटली बावीत ओतली. "औषध आहे, आक्का. आता खुशाल प्या." बाटलीत कॉलेजच्या नळाचे पाणी होते.

त्यांनी हात जोडले. "बरा झाला गो बाय. नायतर वात सोडली असती तर बावीतच दिवा पेटला असता!"

मग त्यांनी त्याच पाण्याचे कोकम सरबत पुढे केले. आणि मी – मी म्हटले, आज माझा निर्जळी उपास आहे.

नमुना दर मंगळवारी घ्यायचा. म्हणून उपासही दर मंगळवारी. आक्का शेजारणींना सांगत, "एवढी शिकलेली, पन पान्याचा थेंब घेत नाय. नवरा बघा कसा राजबिंडा गावतो तिला!" नमुन्याच्या बाटल्या त्या स्वतः पदराने पुसून देत.

एकदा त्यांनी हळूच विचारले, "वास अजून येतो गो. माज्याच नाकाला काय झालाय?"

"वयाने होते तसे," मी म्हटले.

त्यांनी मान डोलावली. पुन्हा कधी विचारले नाही.

हवेने थोडेच साधले – डिझेल जड. जिवाणूंनी जवळजवळ सगळे फस्त केले. पण हा नुसत्या काळाचा वा उपशाचा परिणाम नव्हे, हे सिद्ध केले तिसऱ्या बावीने; म्हणजे आक्कांनी, रोज बारा घागरी उपसून. तिथला आकडा जितका अढळ, तितका माझा प्रबंध उजळ. आभाराच्या पानावर त्यांचे नाव नाही. असते, तर कुणीतरी विचारले असते ना – त्या हे पाणी पीत होत्या का?

मे अखेरीस मला मुंबईत संशोधनाची जागा मिळाली. खताची पिशवी अर्धी शिल्लक होती, पंप चालू स्थितीत होता. दोन्ही मी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि निघाले. आक्कांना काहीच सांगितले नाही. ते रंग अजून स्वप्नात सरकतात. काठावर भरलेली घागर असते, उचलणारे हात दिसत नाहीत.

आरंभी तिन्ही बावींत लिटरमागे ४.२ मिलिग्रॅम तेल होते. मंगळवार, २७ मे १९८६ची नोंद माझ्याच अक्षरात आहे. पहिली बाव: ३.१. दुसरी: ०.६. तिसरी: ४.१.