एकशे आठवर माय बोलली

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि मला त्याचा अभिमान आहे. रोहण्याजवळच्या आमच्या वस्तीत कोणाला काही झालं, की लोक आधी वर्ध्याला मला फोन लावतात. शिकलेला माणूस बरोबर बोलेल, अशी त्यांची समजूत. माझीही तीच होती.

त्या दुपारी माय फोनवर ओरडली, "बाबू, तुह्या बाबाले कपाशी फवारता फवारता चक्कर आली. तोंडातून लाळ गळून राह्यली. कोनाले तरी सांग लवकर!"

मी एकशे आठ लावला. पलीकडच्या बाईंना गाव, तालुका, पूर्ण पत्ता फाडफाड सांगितला. मग त्यांनी विचारलं, "शुद्धीवर आहेत? श्वास कसा आहे?"

मी ऑफिसातल्या खुर्चीवर. मला काय ठाऊक? म्हटलं, "विचारून सांगतो."

"त्यात वेळ जाईल, सर. गाडी निघतेय. पेशंटजवळ कोण आहे, त्यांचा नंबर द्या."

त्यांनी मायला त्याच लाईनवर घेतलं. मायला सहीपुरतंच लिहिता येतं. मी मध्येच समजावायला गेलो, तर म्हणते, "तू चूप राह्य न, मले आयकू दे!"

"मावशी, हाक मारल्यावर डोळे उघडतात?"

"उघडते, पन बोलत नाई. छाती घरघर करून राह्यली."

"कुशीवर वळवा. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्यांचे कपडे काढा, अंग भरपूर पाण्याने धुवा."

मागून काका ओरडत होते, "मिठाचं पानी पाजा, उलटी होऊ द्या!" आमच्याकडे हाच उपाय. मी तिथे असतो तर मीही पाजलं असतं.

"तोंडात काहीही घालू नका," बाई ठामपणे म्हणाल्या.

"भाऊजी, फेका तो गिलास! बाई नाई म्हनते!"

मी दिलेला पत्ता पोस्टाचा होता. शेत कुठं आहे ते मायने सांगितलं: टाकीपासून डावीकडं, नहराच्या पुलावर मानूस उभा करून ठेवते. बाईंनी फवारणीच्या औषधाची बाटली सोबत द्यायला सांगितली आणि सायरन ऐकू येईपर्यंत त्या मायशी बोलत राहिल्या. आवाज एकदाही चढला नाही.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर ती बाटली वाचत होते. इंजेक्शनं सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी बाबा उठून बसले आणि चहा मागितला.

माय म्हणाली, "आता त्या पोरीले फोन लाव. मानूस वाचला म्हनून सांगाचं हाये."

"माय, त्या नंबरवर असं लावत नसते. तेवढ्यात दुसऱ्या कोनाचा जीव अडकला राह्यला तं?"

तिला ते पटलं. मोबाईल माझ्या हातात तसाच होता. त्याच्याकडे बोट दाखवून तिने विचारलं,

"मंग तिले कसं समजन?"