उत्तर नको, पायरी लिही

आमच्या कारखान्यात लाइनवर जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे अंबुजा अक्का गेल्याचं मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. लॉकर उघडला तर त्यांच्या शेजारच्या मालती मामींचे सहा मिस्ड कॉल. उलटा फोन केला, तेव्हा मामी एवढंच म्हणाल्या, "अक्का पोयिट्टांग." गेल्या. सकाळी दुधाची पिशवी दाराशी तशीच पडलेली पाहून मामी किल्ली घेऊन आत गेल्या, तर अक्का स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेल्या होत्या, बसल्या जागीच गेलेल्या. गेट पास, सुट्टीचा अर्ज, मग दोन बस... इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून वेस्ट मांबलमला अक्कांच्या घरी पोहोचेपर्यंत चार वाजून गेले. तोवर त्यांना नेलंही होतं. मुलगा परदेशात, तो यायला दोन दिवस लागणार होते. पण माझ्यासाठी कोणाला खोळंबून ठेवू नका, असं अक्कांनी मामींना आधीच बजावून ठेवलं होतं. ओल्या फरशीवर मी एकटाच उभा राहिलो. मी त्यांचा कोण, हे तिथे कोणाला सांगायची वेळ आली असती तर मला सांगता आलं नसतं.

खरं तर मी त्यांचा भाडेकरू. सात वर्षांपूर्वी मिरजेहून नोकरीसाठी चेन्नईला आलो आणि त्यांच्या घराचा वरचा 'पोर्शन' मला मिळाला. घरमालकीण मराठी आहे, असं ऐकून मी हुरळून गेलो होतो. प्रत्यक्षात त्यांचं मराठी तंजावरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्यांचं. चाल तमिळची, शब्द आमच्या पणजीच्या तोंडचे, आणि 'आहे'चं 'अहे'. पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी इंग्रजीत बोललो, हे आता कोणाला सांगितलं तर हसतील. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. अक्का शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी नीट सांगितलं नसावं, कारण समोरच्या माणसाच्या चुका काढायची सवय शाबूत होती.

कंपनीची बस पहाटेच नाक्यावर येई. जिना उतरताना रोज मला त्यांचा आवाज ऐकू येई. एकच वाक्य, तीनदा. शब्द कळत नसत. मला वाटे, मुलाशी फोनवर बोलत असतील. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "फोन कोठे? आपल्याशीच बोलते. दुसरं कोण अहे इथे?" आणि लगेच, "तू वर रोज भाषण करतोस, ते कोणासाठी?"

मी चाट पडलो. वरचं सगळं खाली ऐकू जात होतं तर. त्या दिवसांत मी आत्मविश्वासाचा एक ऑनलाइन कोर्स केला होता. त्यात सांगितल्याप्रमाणे आरशावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि दात घासून झाले की खणखणीत आवाजात म्हणत होतो : मी निर्भय आहे. मी सिंह आहे. लोक माझ्याकडे ओढले जातात. म्हणायचो आणि बसमध्ये खिडकीशी जाऊन बसायचो. शेजारी कोणी बसू नये म्हणून बॅग ठेवायचो. लाइनवरची माणसं तमिळमध्ये हसायची, मला वाटायचं मलाच हसतात. कँटीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल पकडून दहा मिनिटांत जेवण उरकायचो. राजीनाम्याचा मसुदा लॅपटॉपवर तयार होता. आईला फोनवर मात्र सगळं छान चाललंय म्हणून सांगत होतो.

"सिंह अहेस मणून सांगतोस, सेरी, बरं," अक्का म्हणाल्या. "मग पाण्याचा टँकर आला की त्या माणसाशी बोलायला मला का हाक मारतोस?"

मला राग आला, आणि राग आला म्हणजे ते खरं होतं. त्यांनी कॉफीचा टंबलर माझ्यापुढे सरकवला आणि वर्गात बोलावं तशा बोलू लागल्या. काही मुलं पुस्तकाच्या मागे पाहून उत्तर लिहितात. उत्तर बरोबर असतं, तरी मी गुण देत नसे. 'मी निर्भय अहे' हे उत्तर झालं. पायरी कोठे अहे? उत्तर नको, पायरी लिही. आज अंधार पडायच्या आत होईल एवढं लिही. त्यात एक माणूस असू दे. आणि म्हणताना थोडी लाज वाटली पाहिजे. मोठं वाक्य म्हणताना लाज वाटत नाही, कारण ते खोटं असतं हे आपल्याला ठाऊक असतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर होतं. कालचं पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर आजचं वाक्य लिहायचं, तीनदा मोठ्याने म्हणायचं, अशी त्यांची रीत. त्यांनी मला एक पान दिलं. मी बराच वेळ पेन चावत बसलो आणि शेवटी लिहिलं : आज मी जेवताना सेल्वमच्या शेजारी बसेन. सेल्वम आमच्या लाइनवरचा जुना ऑपरेटर, माझ्या दुप्पट वयाचा. ते वाक्य म्हणताना मला इतकी लाज वाटली की तिसऱ्यांदा नुसतं पुटपुटलो. त्या दिवशी ताट घेऊन मी त्याच्या टेबलापाशी गेलो, उभा राहिलो, आणि परत फिरलो. संध्याकाळी अक्कांना म्हटलं, "जवळजवळ जमलं." बरोबरची खूण करायला उघडलेल्या लाल पेनाचं टोपण त्यांनी पुन्हा लावलं. "अर्धं झालं तर अर्धी खूण नसते. पायरी मोठी झाली. लहान कर." दुसऱ्या दिवशीचं वाक्य होतं : आज मी सेल्वमला नाव घेऊन हाक मारीन. ते जमलं. चौथ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने "साप्टिंगळा?", जेवलात का, म्हणून विचारलं आणि आपल्या डब्यातलं लोणचं माझ्या ताटात वाढलं. एवढंच. पण त्या दिवशी बसमध्ये मी बॅग मांडीवर घेतली.

मग दर रविवारी मी आठवड्याच्या चिठ्ठ्या घेऊन खाली जाई. अक्का चष्मा लावून एकेक वाचत, उलटतपासणी घेत आणि बरोबरची खूण करत. जेवायला उडदाच्या पिठाची डांगर पचडी असे. आमच्या आजीच्या डांगराचीच चव, फक्त फोडणी इकडची. एकदा मी म्हटलं, की खूण मीच करून आणत जाईन, तुम्हाला कशाला त्रास. तर म्हणाल्या, "आपला पेपर आपण तपासायचा नसतो." त्यांचा पेपर कोण तपासतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. तेव्हाच नाही, नंतरही कधी नाही.

मला माणसं मिळाली. तमिळ आलं, तेही व्याकरणासकट आणि शिव्यांसकट. राजीनाम्याचा मसुदा मी पुसून टाकला. शिफ्टची जबाबदारी आली तेव्हा कारखान्याजवळ राहणं भाग होतं, म्हणून तीन वर्षांपूर्वी श्रीपेरुंबुदूरला खोली घेतली. निघताना अक्का दाराशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "दर रविवारी येईन." त्या म्हणाल्या, "हे उत्तर झालं." मग हसून म्हणाल्या, "तुझ्या कामात मी मध्ये येणार नाही. तुझं तू ये." मी पहिले काही महिने गेलो. मग महिन्यातून एकदा. मग रविवारीही लाइन चालू राहू लागली, आणि नसली चालू तरी मी खोलीत पडून राहू लागलो. ऑपरेटर आपापल्या घरी, बायकामुलांत असत. ओळखी खूप झाल्या होत्या, पण रविवारी दुपारी ज्याच्याकडे उठून जावं असं एकच घर होतं, आणि मी तिथे जात नव्हतो. फार दिवस गेलो नाही याची लाज वाटे, म्हणून आणखी दिवस जात.

दिवसकार्य झाल्यावर अक्कांच्या मुलाने मला बोलावलं आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हातात दिला. "अम्मा हे कशासाठी लिहायची कळत नाही. तुमचं नाव दिसतंय, तुम्हीच ठेवा," असं तो इंग्रजीत म्हणाला. डबा कॅलेंडरच्या पानांनी भरलेला होता. अक्षरं तमिळ होती. मला तमिळ वाचता येतं ते कारखान्यातल्या पाट्यांपुरतं. मी अक्षर अक्षर लावून पाहिलं, अर्थ लागेना. म्हणून मोठ्याने वाचलं, आणि माझ्या तोंडून मराठी बाहेर पडलं. अक्का आपलं मराठी तमिळ लिपीत लिहीत. म्हटल्याशिवाय ते कळतच नव्हतं. गेले कित्येक रविवार मी माझ्या खोलीत बसून ती वाक्यं म्हणतो आहे.

तळाच्या पानांवर निळ्या शाईत बरोबरच्या खुणा आहेत. त्या त्यांच्या यजमानांच्या. दोघं एकमेकांचे पेपर तपासत असणार. मग एका पानावर आहे : आज त्यांचा चष्मा उचलून ठेवीन. त्यावर खूण नाही. तिथून पुढे कशावरच खूण नाही. आज एकटी बँकेत जाईन. आज एका माणसाचं तरी जेवण जास्त करीन. आज वरच्या मुलाला कॉफी विचारीन... माझ्यासाठी लाल पेन घेऊन बसणाऱ्या बाईच्या नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या कोणी तपासल्याच नव्हत्या. मला वाईट वाटतं, आणि ते दिवसांनी कमी होत नाही.

सगळ्यांत वरच्या पानांवर माझं नाव आहे. आज सुधीरला फोन करीन. हे एकच वाक्य अकरा पानांवर. बाराव्यावर अक्कांनी पायरी लहान केलेली. आज सुधीरचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवीन. त्यानंतरचं : तो कामावर नसेल अशी वेळ आज मामींना विचारीन. आणि मग एक पान : आज एक रिंग देईन.

मी पान उलटून तारीख पाहिली. शनिवारची, म्हणजे वाक्य रविवारचं. मग फोन हातात घेतला आणि कॉलच्या यादीत मागे मागे जात राहिलो. त्या रविवारी, दुपारी साडेचारला, अक्कांचा मिस्ड कॉल आहे. मला तो आठवतो. मी पलंगावर पडलो होतो, फोन उशाशीच होता, आज दिवसभर कोणी आपली आठवण काढली नाही, असंच काहीतरी मनात चाललं होतं. एकदा वाजला आणि बंद झाला. म्हातारीचा हात लागला असेल, असं म्हणून मी कूस बदलली.

लाल पेन डब्यातच होतं. टोपण घट्ट बसलं होतं, ते दातांनी काढावं लागलं. पान मांडीवर सरळ केलं, वाक्य तीनदा मोठ्याने म्हटलं. रिंग आली होती. मी ऐकली होती. अक्कांच्या अक्षराशेजारी मी बरोबरची खूण केली.