लाह्यांचं कंकणद्वीप

उमरग्याच्या एका खाजगी शाळेत गुंडप्पा सर एकोणतीस वर्षं भूगोल शिकवतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा पाहिलाय, तेवढीच त्यांची जलयात्रा. तरी फळ्यावर लाटा अशा काढतात, की पहिल्या बाकावरच्या पोरांनी पाय वर घ्यावेत.

यंदा त्यांना आदर्श शिक्षक पुरस्कार हवाच होता. दोनदा हुकलेला, निवृत्तीला वर्ष उरलेलं. घरी बायको शांतम्मा टोचायची, "भिंतीवर जागा ठिवलीय. व्हत नसंल तर सांगा, घड्याळ लावते."

शिफारस तालुक्याचे अधिकारी शंभुलिंग साहेब करणार होते. ते पाठ बघायला आले, त्या दिवशी सरांनी मुद्दाम प्रवाळभित्ती घेतल्या. टेबलावर परात, परातीत चिखलाचं बेट, बेटाला बिलगून ज्वारीच्या लाह्यांचं कडं. लाह्या दिसायला हुबेहूब प्रवाळ. म्हणजे पुस्तकातल्या चित्रासारख्या.

"समुद्रातले बारके जीव चुन्याची घरं बांधतात," सर म्हणाले. "जुने मेले की त्यांच्या घरांवर नवे बांधतात. भित्ती किनाऱ्याला चिकटून असली तर अनुतट. बेट खचलं, मधे पाणी शिरलं, की रोधक. बेट पार बुडून नुसतं कडं उरलं, की कंकणद्वीप. बघा आता."

त्यांनी कळशीभर पाणी एकदम ओतलं. बेट बुडालं. लाह्या मात्र तरंगल्या आणि घोळक्यानं साहेबांच्या बाजूला जाऊन थांबल्या. त्यांनाही शिफारस हवी असावी.

"वा," साहेब म्हणाले. "म्हणजे प्रवाळ तरंगतं."

सरांच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

मागच्या बाकावरून चैताली उठली. "न्हाय सर. तुमी पाणी एकदम ओतलं. बेट लाखो वर्षं हळूहळू खचतं. तवर ते जीव उजेडासाठी वर वर बांधत जातेत. खाली जुन्याला धरून असतेत, तरंगत न्हाईत."

"बस खाली," सर म्हणाले. "साहेबांना घाई आहे."

ते खरंच होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत गव्हाची गोड हुग्गी गार होत होती. साहेबांनी जेवणाआधीच, वर्गातच शेरा लिहून मोठ्यानं वाचला: 'प्रवाळ तरंगते, हे प्रात्यक्षिकाद्वारे प्रभावीपणे स्पष्ट केले. पुरस्कारासाठी शिफारस.' पोरंही काही कमी नव्हती. साहेब बोलले ते चौतीस वह्यांत उतरलं, अधोरेखितसुद्धा झालं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि वह्या उघडायला लावल्या. "कालचं ते वाक्य खोडा. लिहा, प्रवाळ तरंगत नाही. चैतालीनं सांगितलं तेच बरोबर."

चैतालीनं खोडलं, मग विचारलं, "मग सर, साहेबांच्या शेऱ्यातलं कोन खोडनार?"

सरांनी एकदा दाराकडं पाहिलं.

"तो परीक्षेला येत नाही," ते म्हणाले. "पुढचं लिही."