सरांच्या भिंतीवरची सालं

सांगलीच्या आमच्या जिम्नॅस्टिक्स हॉलच्या भिंतीवर सरांनी स्वतः रंगवून घेतलेली सालं होती. १८९६, पहिल्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्स. १९२८, मुलींना प्रवेश. १९७६, पहिल्यांदा दहापैकी दहा. आम्ही हँडस्टँडवर उभ्या राहिलो की सर प्रश्न विचारायचे, आणि उत्तर चुकलं की आणखी अर्धं मिनिट तसंच उभं राहायचं. उलट्या डोक्यानं पाठ झालेली ती सालं अजून विसरता येत नाहीत. त्यांतलं एक १९९७ चं होतं : मोठ्या स्पर्धांत सोळा वर्षांखालच्या मुलींना मनाई. "कोवळ्या पोरींचे हाल थांबावेत म्हणून," सर सांगायचे.

मी तासगावहून एसटीनं यायचे. वडील बेदाण्याच्या शेडवर कामाला होते. नववीत असताना, पंधरा पूर्ण झाल्यावर, सरांनी त्यांना बोलावून घेतलं. चौदा वर्षांखालच्या गटात बीमवर, त्या चार इंची पट्टीवर, माझ्यासारखी कुणी नाही, म्हणाले. जन्माचा दाखला तेवढा नवीन काढावा लागेल. काढून देणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

"आवं सर, पर हे बरूबर हाय का?" वडिलांनी विचारलं.

"सगळेच करतात. पोरीचं भलं बघा."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. मला हवं होतं ते पदक, आणि मी दोन वर्षांनी लहान झाले.

राज्य स्पर्धेत बीमवर मी पहिली आले. दुसरी आली ती मिरजेहून येणारी आमच्याच हॉलमधली मुलगी, खरोखरची तेराची. माझी जवळची मैत्रीण. माझा पंधरावा वाढदिवस तिच्याच घरी केला होता, तिच्या आईनं शिरा केला होता. तक्रार दुसऱ्याच जिल्ह्यानं केली, पण चौकशीत तिला विचारलं तेव्हा ती खरं बोलली.

चौकशीच्या टेबलाशी सर म्हणाले, "पालकांनी दिलेला दाखला मी खरा मानला. मला काय कल्पना?"

वडील त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "व्हय साहेब, चूक माजी हाय. सरांचा काय संबंध न्हाई."

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, असं का म्हणालात? "आज ना उद्या तुला परत त्यांच्याकडंच जायाचंय गं."

दोन वर्षांची बंदी आली. पदक कुरिअरनं मैत्रिणीकडं गेलं. मी तिच्याशी बोलणं सोडलं; खोटं मी बोलले होते आणि राग तिच्यावर काढला. तिनंही लवकरच हॉल सोडला. बंदी उठली तोवर माझी उंची वाढली होती, बीमवरची पावलं आपली वाटत नव्हती. सर म्हणाले, "तुझं वय झालं आता."

आता मी वडूजच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मागच्या महिन्यात सरांचा जाहीर सत्कार झाला, निमंत्रण मलाही आलं. त्यांनी चार पाहुण्यांपुढं माझी ओळख करून दिली, "ही माझी जुनी विद्यार्थिनी. गुणी, पण थोडक्यात हुकली."

"हुकले नाही, सर. दाखला तुम्ही काढून दिला होता."

सर शाल सारखी करत हसले. "अगं, आता ते कशाला? चहा घे."

चहा न घेता निघाले. उशिरा सुचलेलं धाडस. तेव्हाच, चौकशीच्या टेबलाशी वडिलांच्या बाजूनं बसून हे बोलायला हवं होतं. असं मीच मला सारखं सुनावत एसटीनं तासगावला गेले. वडील अंगणात बसले होते, आता त्यांना नीट दिसत नाही.

"सर कसं हायत गं?"

"बरे आहेत."

"माझा नमस्कार सांगितलास न्हवं?"

हो म्हणाले आणि पाय धुवायला गेले.