टॉर्क पान्यापुरतं बोलणं

नाटकाला मी तिकीट काढून जातो. पण परवा माझ्याच गाडीच्या उघड्या इंजिनासमोर फुकटात पहिली रांग मिळाली.

गॅरेज दोघा भावांचं. वाटण्या झालेल्या, सोमवारपासून धाकटा वेगळा होणार. सहा महिने अबोला. पण इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवायची त्यांची पद्धत वडिलांपासूनची आहे. एकानं बोल्टचा नंबर सांगायचा, दुसऱ्यानं टॉर्क पाना ओढायचा; ठरलेला ताण आला की तो 'कट्' वाजतो, मग थांबायचं. मधले आधी, कडेचे शेवटी, आणि तेही तीन फेऱ्यांत, थोडे थोडे, नाहीतर हेड वाकतं.

"चार," थोरला म्हणाला.

पाना 'कट्' वाजला. "झाला."

"हिसका नको देऊस."

"माहितीये, दादा."

'दादा' ऐकून थोरला पाचवा नंबर सांगायचाच विसरला.

मला वाटलं, घरातही कुणीतरी असा क्रम सांगायला हवा होता. आपण रागाच्या भरात कडेचा बोल्ट पहिल्याच झटक्यात आवळतो, आणि 'कट्' वाजलं तरी ओढतच राहतो.

तिसरी फेरी संपली. मला राहवेना. मी साळसूदपणे म्हटलं, "आठवा राहिला वाटतं हो!"

"झालाय!" दोघं एकदम ओरडले. क्षणभर एकमेकांकडे पाहिलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग धाकट्यानं पाना शून्यावर आणला, पुसून पेटीत ठेवला आणि पेटी थोरल्याच्या फळीवर सरकवली.

"अरे, हा तुझ्या वाटणीचा आहे."

"राहू दे इथंच," धाकटा म्हणाला. "तिथं नंबर कोण सांगणार?"