एका तोंडाचं वऱ्हाड

माझ्या नातीच्या लग्नात टेबलावरचं सगळं वऱ्हाड माझ्या तोंडाचं होतं.

नात म्हणजे कोमल. लग्न राहात्याला ठरलं आणि तिने आजोबांकडे हट्ट धरला. हॉलच्या दारात लग्नाचा देखावा मांडायचा, बोटाएवढ्या माणसांचा. "सासरच्यांना दिसू दे, माझे आजोबा कलाकार आहेत." आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून मातीची चिमुकली माणसं करतात. (घरचा नळ दोन वर्षं गळतोय. त्याला फिटर लागतो, कलाकार चालत नाही.)

पंधरा दिवसांत यांचं एक मुंडकं झालं, हरभऱ्याएवढं. उचलून बघितलं तर माझंच. मी ज्वारी निवडता निवडता यांना बोलत होते, तेव्हा समोर बसून केलेलं. म्हणून तोंड उघडं.

"एकाला पंधरा दिस, मग तिसाला किती? कोमलच्या पोरांच्या लग्नात मांडायचं का?"

"चेहरा म्हंजे काय करंजी हाय व्हय?"

"करंजीच हाय. रबराचा साचा करा अन् पाडा तीस. नुसत्या साड्या, फेटे बदला. वऱ्हाडात कोन कोनाचं तोंड बघतंय? समदे पंगतीकडं बघत्यात."

त्यांनी माझं ऐकलं. (लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.)

मग नवरीच्या नाजूक धडावर ते डोकं भोपळ्यासारखं दिसू लागलं. तोडगाही मीच काढला. ओली माती वाळली की आक्रसते, हे चुली घातलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. साच्यात माती दाबायची, वाळवायची, त्या वाळलेल्या डोक्याचा नवा साचा घ्यायचा. चार खेपांत डोकं तुरीएवढं झालं. दर खेपेला नाक झिजलं, कान गेले. तोंड तेवढं उघडंच राहिलं.

नवरदेवालाही तेच डोकं, वर मिशी. भंतेजींचा चेहरा मात्र मी वेगळा करायला लावला. तेवढी अक्कल मला आहे.

लग्नादिवशी टेबलाभोवती गर्दी झाली. पांढऱ्या साडीतली नवरी नवऱ्यावर खेकसत होती, नवरा तिच्यावर, आणि वऱ्हाड दोघांवर. नवऱ्या मुलाची आजी चष्मा लावून वाकली.

"ही बाई कोन म्हनायची? जिकडं बघावं तिकडं हीच वरडतीया."

मी तेव्हा पलीकडे आचाऱ्याला कच्च्या भातावरून झापत होते. म्हातारीने मान वर केली. "घ्या, सापडली."

सगळे हसले. कोमलच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढे झाले. "आजोबाला बोलू नगंस. साच्याची अक्कल माझी. नवरी तरी तुझ्यावानी करायला पायजे हुती."

नातजावई अजून देखाव्यावर वाकलेला होता. "पण आजी, नवरी कोमलसारखीच झालीय की. चिडली की हुबेहूब अशीच दिसते."

तोवर पोरगी नुसती मुसमुसत होती. तीस बाहुल्या माझ्यासारख्या दिसतात, हे तिने सोसलं होतं. आपणही दिसतो हे कळल्यावर तिने भोकाड पसरलं.